कागद वजनावर घ्या

तळं कागदावरच आहे, असं कुणी म्हणालं की पूर्वी चौकशी लागायची. आता अनुदान लागतं. सांगोल्याकडे आमच्या मामांचं शेततळं गेली सहा वर्षं कागदावर आहे, आणि मधला एक हिवाळा सोडला तर त्यात पाणीही आहे. कागद म्हणजे अर्थातच प्लास्टिक. काळं कुळकुळीत, लांबून म्हशीच्या पाठीसारखं चकाकणारं. कृषी खात्याच्या भाषेत ते ‘अस्तरीकरण’, इंजिनिअरच्या भाषेत ‘जिओमेम्ब्रेन’, आणि ज्याला स्वतःच्या खिशातून त्याचे पैसे द्यावे लागतात त्याच्या भाषेत नुसता ‘कागद’. हा कागद मिळवायला सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स असे दुसरे कागद लागतात. त्या कागदांवर सही-शिक्का तपासायला चार टेबलं आहेत. तळ्यात टाकायचा कागद तपासायला एकही नाही. आजचं सदर एवढ्याचसाठी.

मी शहरातून दोन पुस्तकं वाचून गेलेला भाचा. मामांना म्हटलं, “मामा, याला जिओमेम्ब्रेन म्हणतात.”

मामा म्हणाले, “जिओ? मग रिचार्ज किती दिसांचा?”

मी हसलो. पुढे कळलं की या विषयातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

‘जिओ’ म्हणजे जमिनीशी संबंधित. हे बारसं १९७७ सालचं. पॅरिसच्या एका परिषदेत जे. पी. जिरू या फ्रेंच इंजिनिअरनं आपल्या निबंधात ‘जिओटेक्स्टाइल’ आणि ‘जिओमेम्ब्रेन’ हे शब्द घडवले. तोवर लोक नुसतं ‘फिल्टरचं कापड’ म्हणत आणि काम चालवत. बारसं झाल्यावर घराणं वाढलं. जिओग्रिड, जिओनेट, जिओसेल, जिओफोम, जिओकंपोझिट. टेंडरमध्ये ‘कापड’ लिहिलं तर कापडाचा भाव मिळतो. ‘जिओ’ लावलं की भावाला शास्त्राचा वास येतो.

नावं कितीही जडजंबाल असोत, कारखान्याच्या दारात ट्रकमधून उतरतो तो साबुदाण्याएवढा प्लास्टिकचा दाणा. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन ही त्यातली मुख्य घराणी. यांची ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची रिकामी बाटली घ्या. झाकण बादलीत टाका, तरंगेल. बाटलीचा तुकडा कापून टाका, बुडेल. तरंगतं ते पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, पाण्यापेक्षा हलकं. बुडतं ते पॉलिएस्टर, घनता १.३८. डोंगर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि तळ्याचा कागद ही या बाटली-झाकणाचीच भावंडं.

पण भावंडांचे स्वभाव वेगळे. पॉलिएस्टर ताणाला पक्कं. वर्षानुवर्षं ओझं ओढलं तरी फारसं लांबत नाही, पण चुन्या-सिमेंटच्या अल्कलीशी त्याचं जमत नाही. पॉलिप्रॉपिलीनला अल्कलीचं काही वाटत नाही, पण कायमचं ओझं टाकलं की ते सावकाश लांबत जातं, आणि उघड्या उन्हात टाकलं तर महिन्यांत कुजतं. कुणाला कुठं बसवायचं हे कळलं की निम्मं इंजिनिअरिंग झालं. बाकीचं निम्मं म्हणजे बसवताना हजर राहणं. आपल्याकडे पहिलं निम्मं कॉलेजात शिकवतात आणि दुसऱ्या निम्म्याला मुकादम पाठवतात.

आता मामीची गोष्ट. तळं खोदून झालं, मुरमाड उतारावर पोकलेननं ओरखडे काढलेले, जागोजागी खडे वर आलेले. मामीनं चार बायका घेऊन दोन दिवस खडे वेचले. कोपऱ्यांत आणि जिथं खडे निघेनात तिथं खताच्या रिकाम्या गोण्या उसवून अंथरल्या. त्यांच्यावर कागद. दुकानदाराच्या माणसानं “मामी, गोधडी घालताय का तळ्याला?” म्हणून टिंगल केली.

मामीनं टाकलं होतं ते जिओटेक्स्टाइलच. खताची गोणी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म, तिच्या कापून काढलेल्या अरुंद पट्ट्या, त्या ताणून मजबूत केलेल्या आणि मागावर विणलेल्या. रस्त्याखाली टाकायचं एक प्रकारचं विणलेलं जिओटेक्स्टाइल नेमकं असंच बनतं. फरक सूर्यापासून वाचवणाऱ्या मसाल्याचा, विणीच्या वजनाचा, चाचणीचा आणि बिलाचा. नियमाप्रमाणे तिथं गोणीपेक्षा जाड, न विणलेलं कापड हवं होतं. पण ते सांगायला तिथं होतं कोण? टिंगल करणारा?

हे न विणलेलं कापड बनताना पाहण्यासारखं असतं. तंतूंचे चार-चार इंची तुकडे पिंजायचे, पिंजलेला पातळ थर घडीवर घडी घालत पुढे न्यायचा, आणि मग तो हजारो सुयांच्या फळीखाली सरकवायचा. गोधडी घालताना सुईत दोरा असतो. इथल्या सुईला नेढंच नाही, अंगावर बारीक उलट्या खाचा आहेत. सुई खाली जाते तेव्हा खाचेत अडकलेला तंतू सोबत खाली ओढते आणि वर येताना तिथंच सोडून येते. मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर. वरचे तंतू खाली, खालचे त्यांच्यात अडकलेले, आणि बघता बघता भुसभुशीत थराचं घट्ट कापड होतं. लोकर दाबून केलेला बुरणूस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना हे कापड हाताला ओळखीचं लागेल. दोरा न घालता गोधडी शिवणारं हे यंत्र आमच्या आजीनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, “मग चुकलं तर उसवायचं कसं?” उसवता येत नाही, हेच तर त्याचं काम.

या कापडाचं मुख्य काम दोघांना वेगळं ठेवणं. आपल्या काळ्या मातीवर रस्ता केला की पहिल्या पावसात खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. खडी आणि माती यांचा हा प्रेमविवाह लावून देणारे कंत्राटदार दर वर्षी नव्यानं अक्षता टाकायला हजर असतात. मध्ये कापड घातलं की पाणी जातं, माती जात नाही, खडी जागेवर राहते. खर्च थोडा, फायदा जुना आणि सिद्ध. अडचण एकच, कापड रस्त्याच्या पोटात जातं. त्याचं उद्घाटन करता येत नाही. फीत डांबरावर कापतात.

*

जिओग्रिडचं तत्त्व कळायला कॅरीबॅगचा कान पुरे. (कॅरीबॅग घरात सापडली तर. बंदी आहे ना!) कान धरून ओढा. आधी तो लांबतो, पातळ होतो, पांढुरका पडतो, आणि मग एकदम हट्टीपणानं थांबतो. आता बोट कापेल, पण तो तुटणार नाही. प्लास्टिकच्या आतल्या गुंतलेल्या साखळ्या ओढल्यामुळं एका रांगेत उभ्या राहिल्या. जिओग्रिडमध्ये हेच शिस्तीत करतात. जाड पत्र्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, पत्रा तापवायचा आणि ओढायचा. एकाच दिशेनं ओढला तर भोकं लांबट होतात, दोन्ही दिशांनी ओढला तर चौकोनी. भोकांत खडी अडकते, खडी जाळीला धरते आणि जाळी खडीला.

ही युक्ती इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या ब्रायन मर्सर यांच्या कंपनीची. कापडगिरण्यांचं गाव, तिथला हा माणूस. आधी त्यांनी गाठी न मारता थेट यंत्रातून प्लास्टिकची जाळी काढली, जिच्यातून पुढे जगभर संत्री आणि लसूण विकले गेले. मग १९७० च्या दशकात त्याच घरातून जमीन बांधणारी जाळी निघाली. आमच्याकडे संत्र्याची जाळी घरी आली की तिचा भांड्याचा चोथा होतो. तिथं तिचा डोंगर झाला. सिक्कीममध्ये पाक्योंगला २०१८ साली विमानतळ सुरू झाला, त्याची एक बाजू सत्तरहून अधिक मीटर उंचीच्या भरावावर आहे, आणि तो भराव पोटातल्या पॉलिएस्टरच्या ग्रिडनं धरला आहे. भराव डोंगराच्या कडेला इमानानं उभा आहे. विमानं मात्र हवामानाच्या मर्जीनं येत-जात राहिली. त्यात ग्रिडचा काही दोष नाही.

*

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे कागदाकडे.

कागद बनवण्याचे दोन रस्ते. एकात वितळलेलं पॉलिएथिलीन रुंद सपाट तोंडातून बाहेर काढून रुळांवर थंड करतात. दुसऱ्यात त्याचा फुगा काढतात. खाली गोल चीर, त्यातून वितळलेला रस वर येतो, आत हवा भरलेली, आणि दोन-तीन मजली इमारतीएवढा काळा फुगा संथपणे वर सरकत राहतो. वर गेल्यावर तो चेपतात, कापतात, उलगडतात. जाडी सगळीकडे सारखी ठेवणं यातच कारागिरी असते. ती चुकली तर फुग्याची एक बाजू पाचशे मायक्रॉन आणि दुसरी चारशे. मग बिल कुठल्या बाजूचं होतं, ते वाचकांनी ओळखावं.

एक गंमत सांगून ठेवतो. ज्याला सगळे ‘एचडीपीई’, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिएथिलीन म्हणतात, त्याचा मूळ दाणा बहुतेक वेळा मध्यम घनतेचा असतो. त्यात काजळी मिसळली की घनता ०.९४ वर जाते आणि तो ‘जास्त’ गटात बसतो. काजळी लावून वरच्या वर्गात जाण्याचा हा प्रकार प्लास्टिकमध्ये मान्यताप्राप्त आहे. इतरत्रही चालतो, पण तिथं मानांकन मिळत नाही.

ही काजळी शोभेची समजू नका. २ ते ३ टक्के बारीक काजळी सगळीकडे सारखी पसरली, तर ऊन प्लास्टिकच्या आत शिरत नाही. पांढरा किंवा निळा स्वस्त कागद दोन उन्हाळ्यांत पापडासारखा मोडतो, तो हिच्या अभावी. पण काळ्या रंगाचा एक अवगुण आहे. त्यात काहीही खपतं. फुटक्या बादल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, भंगारातले क्रेट, सगळं दळून, वितळवून त्यात काजळी टाकली की दिसायला नवा कागद तयार. डोळ्यांनी फरक कळत नाही, आणि विकणाऱ्यानं कळू द्यावा असा काही कायदा निसर्गात नाही.

मामांचा रिचार्जचा प्रश्न इथं लागू पडतो. चांगल्या दाण्यात हवेतल्या ऑक्सिजनला रोखणारं औषध मिसळलेलं असतं. ते दर वर्षी थोडं थोडं खर्च होतं. जोवर शिल्लक आहे तोवर कागद मऊ आणि चिवट. शिल्लक संपली की प्लास्टिक ठिसूळ व्हायला लागतं. हा बॅलन्स तपासता येतो. प्लास्टिकचा छोटा तुकडा २०० अंशांवर वितळवून ऑक्सिजनच्या प्रवाहात धरायचा आणि तो जळायला किती मिनिटं टाळाटाळ करतो ते मोजायचं. कचराभूमीच्या चांगल्या कागदाला किमान १०० मिनिटांची अट असते. दळलेल्या बादलीचा बॅलन्स तिच्या पहिल्याच जन्मात बराचसा संपलेला असतो. म्हणजे मामा, रिचार्ज असतो. फक्त दुकानदारानं सिम वापरलेलं दिलं की काय, ते बघावं लागतं.

*

आमच्या घरचा प्रकार असा झाला. दुकानात गेलो. दुकानदारानं टेबलाच्या खणातून फूटभर चौकोनी तुकडा काढला आणि देवाचा प्रसाद द्यावा तसा मामांच्या हातावर ठेवला. “पाचशे. हात लावून बघा.” मामांनी अंगठा आणि तर्जनीत तो चोळला. मीही चोळला. आम्हा दोघांनाही काहीएक कळलं नाही. पण दोघांनीही “हां, भारी आहे” म्हटलं. पाचशे मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. अर्धा आणि चार दशांश यांतला फरक बोटांना कळत असता, तर सोनारानं काटा ठेवला नसता. तुकडा आम्ही मागून खिशात घातला, एवढंच शहाणपण केलं.

दुसऱ्या हिवाळ्यात कागद पायथ्याच्या कोपऱ्याला फाटला. २० लाख लिटरांचं तळं चार दिवसांत शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं. शेजारी चांगला माणूस, त्यानं पाणी आलं म्हणून पेढे वाटले नाहीत. दुकानदार आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “उन्हानं कागद आटतो, मामा.”

मामा काही बोलले नाहीत. फाटलेल्या जागेशेजारून फूटभर चौकोन कापला, धुतला, पुसला आणि गावातल्या सोनाराकडे घेऊन गेले. सोबत खिशातला जुना नमुना. नमुना भरला ४४ ग्रॅम. तळ्यातला तुकडा ३६.

हिशोब चौथीच्या मुलाचा आहे. पाचशे मायक्रॉनच्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद कागदात ५०० घन सेंटिमीटर प्लास्टिक असतं. त्याला ०.९४ नं गुणलं की ४७० ग्रॅम. फूटभर चौकोनाचे झाले ४४. म्हणजे नमुना खरा होता. तळ्यातला कागद ३६ वरून येतो ४१० मायक्रॉनच्या आसपास. मामांचं तळं ३० बाय ३० मीटर, खोली तीन मीटर. तळ, उतार आणि काठावरच्या चरात गाडायचा भाग धरून अकराशे चौरस मीटरच्या वर कागद लागला. पाचशेचा असता तर पाच क्विंटलच्या वर वजन भरलं असतं. आला तो ९० किलोनं हलका. दुकानदाराचं बरोबर होतं, कागद आटला होता. फक्त तो तळ्यात येण्याआधी आटला होता.

सोनार म्हणाला, “मामा, आयुष्यात पहिल्यांदा प्लास्टिक तोललं. घट मात्र ओळखीची निघाली.”

न्याय म्हणून हेही सांगतो, की फाटण्याचं सगळं पाप जाडीचं नव्हतं. कागद अंथरायला माणसं आली ती मे महिन्यात, दुपारी दोनला. काळं प्लास्टिक, वर सांगोल्याचं ऊन. तापलेला कागद लांबतो. ३० मीटरचा कागद ३० अंशांच्या फरकानं अर्ध्या वितीहून जास्त वाढतो. त्यांनी तो वाढलेल्या अंगानं, सुरकुती नको म्हणून, तबल्याच्या पुडीसारखा ताणून काठाच्या चरात गाडला. मामाही खूश, काय सफाईदार काम! रात्री कागद आकसला आणि पायथ्याच्या कोपऱ्यात मातीपासून उचलून अधांतरी राहिला. मग पाणी भरलं. तीन मीटर पाण्याचं ओझं दर चौरस मीटरला तीन टन. अधांतरी कागदावर तीन टन बसल्यावर त्यानं काय करावं? कागद सकाळी अंथरायचा असतो आणि सुरकुत्या सोडायच्या असतात. सुरकुत्या दिसल्या की काम ढिसाळ, असं समजणाऱ्या घरमालकांनीच हे कंत्राटदार बिघडवलेत.

जोडाचंही तसंच. दोन पट्ट्यांच्या मध्ये तापलेली धातूची पाचर सरकवत यंत्र पुढे जातं आणि दोन समांतर शिवणी सोडतं. मध्ये बारीक पोकळ नळी राहते. ती कशासाठी? तर तिच्यात सुई खुपसून हवा भरायची आणि काटा पडतो का ते पाच मिनिटं बघायचं. काटा पडला तर जोड फुटका. सायकलच्या ट्यूबला आपण पाण्यात बुडवून जेवढं तपासतो, तेवढंच हे साधं. मामांच्या तळ्यावर ती माणसं जोड मारून, चहा पिऊन गेली. हवा त्यांनी भरली, पण मामांच्या मनात.

सरकार काही करत नाही असं नाही. २०२० साली तांत्रिक वस्त्रांचं राष्ट्रीय मिशन आलं, १,४८० कोटींचं. २०२३ मध्ये १९ प्रकारच्या जिओटेक्स्टाइल मालाला मानकाची सक्ती करणारा आदेश निघाला. तळ्याच्या विणलेल्या, थर दिलेल्या कागदाला आयएस १५३५१ हे मानक आहे. मुंबईत घाटकोपरला बीटीआरए या वस्त्र-संशोधन संस्थेत या मालाची चाचणी होते. सगळं आहे. फक्त ते सगळं आणि सांगोल्याचं दुकान यांच्यामध्ये कुणीतरी फार पक्कं, पाणीसुद्धा न झिरपणारं अस्तर घातलेलं आहे.

आणि तो प्लास्टिकबंदीचा विनोद. २०१८ पासून राज्यात कॅरीबॅगला बंदी आहे. एक पिशवी पाच ग्रॅमची धरली, तर एका शेततळ्याच्या कागदात लाखभर पिशव्या बसतात. एक पिशवी हातात दिसली तर दंड, लाख पिशव्या जमिनीत अंथरल्या तर अनुदान. माझी तक्रार नाही. पाणी धरणारं प्लास्टिक आणि गटार तुंबवणारं प्लास्टिक यांत फरक आहेच. पण कागदाचं आयुष्य संपल्यावर तो जातो कुठं? मामांचा जुना कागद आज अर्धा गोठ्यावर आहे, थोडा कडब्याच्या गंजीवर आणि उरलेला बांधावर बाभळीत अडकून फडफडतोय. मिशनमध्ये त्या बाभळीचा उल्लेख नाही.

*

आता शेवटचं, आणि इथं टिंगल पुरे.

शहरांच्या कचराभूमीखाली घालायच्या कागदाची जाडी आपल्या नियमांत १.५ मिलिमीटर आहे, शेततळ्याच्या तिप्पट, आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमाती. १९ मार्च १९८८ ला कॅलिफोर्नियात केटलमन हिल्स इथं अशाच अस्तरावर रचलेला कचऱ्याचा डोंगर घसरला आणि ३५ फुटांपर्यंत पुढे सरकला. कागद जाड होता, पण गुळगुळीत होता. ओल्या थरांना एकमेकांवरून घसरायला आठ-नऊ अंशांचा उतार पुरेसा ठरला. त्यानंतर खरखरीत कागदाला मागणी आली. तो बनतोही फार युक्तीनं. फुग्याच्या बाहेरच्या थरात नायट्रोजन वायू घालतात. रस बाहेर पडताच वायूचे बुडबुडे फुटतात आणि पृष्ठभाग काचपेपरसारखा होतो. कचरा घसरू नये म्हणून जगानं एवढं केलं.

आपल्या शेततळ्याचा उतार असतो १:१.५, म्हणजे ३४ अंशांच्या आसपास. कागद गुळगुळीत. वर ओल, आणि वर्षभरानं शेवाळ. दर उन्हाळ्यात पेपरात आतल्या पानावर बातमी येते. पोहायला गेलेली दोन मुलं, त्यांना काढायला उतरलेला बाप. पोहता येणाराही त्यातून वर येत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं आणि पाय टेकला की घसरतो. कुत्री, शेरडं, हरणं रात्री पाण्याला येतात आणि सकाळी तरंगताना सापडतात. खरखरीत कागद बाजारात आहे. निदान काठापासून चार फूट खाली त्याची एक पट्टी वेल्ड केली तर माणूस पाय रोवून वर येईल. मी चार दुकानांत विचारलं. चारही ठिकाणी विचारलं गेलं, “खरबरीत? तो कशाला? दिसायला बरा नाही दिसत.”

तर नवा कागद घेणार असाल तर एवढं करा. नमुन्याचा फूटभर तुकडा घ्या, आणि ज्या दिवशी माल शेतात उतरेल त्या दिवशी गुंडाळीच्या दुसऱ्या टोकाचा फूटभर तुकडा कापून दोन्ही एकाच काट्यावर ठेवा. साधा पाचशेचा असेल तर ४४ ग्रॅम. विणलेला असेल तर हा आकडा चालणार नाही, त्याचं चौरस मीटरला किती ग्रॅम ते बिलावर लिहून घ्या आणि मग तोला. वजन कमी भरलं तर ट्रॅक्टर परत पाठवा. चर बुजवल्यावर बोलून उपयोग नाही.

आणि तळं आधीच असेल तर आजच चारही बाजूंनी हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडा, वरचं टोक काठाबाहेर पक्क्या खुंट्याला बांधा, आणि ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब हवा भरून काठावर ठेवा. दोरही प्लास्टिकचाच असतो, उन्हानं तोही कुजतो, म्हणून दर पाडव्याला बदला. मामांनी या वर्षीचा बदलला. तुमचा राहिला असेल तर पेपर खाली ठेवा आणि आधी तो बांधून या.